रंगूनहून मद्रासला, दोनदा

२३ डिसेंबर १९४१, मंगळवार. गाव रंगून. तुम्ही अकरा वर्षांची तमिळ मुलगी आहात. अंगात परकर-पोलकं आहे. शेजारच्या बर्मी बाईनं सहाणेवर साल उगाळून तुमच्या गालांवर तनाखाचा पिवळसर लेप लावला आहे, तो अजून ओला आहे.

सकाळचे दहा वाजत आलेत. भोंगा वाजतो आणि गल्लीतली माणसं घरात पळायचं सोडून बाहेर येतात, विमानं बघायला. या शहरावर आजवर कधी बाँब पडलेला नाही. भोंगा झाला की काय करायचं, ते कुणाच्या अंगवळणी पडलेलं नाही. गोदीवरचे हमाल पाठीवरचं पोतं खाली टेकवून, डोळ्यांवर हात धरून आभाळाकडे बघतायत. तुमचा मामा त्यांच्यातच आहे. संध्याकाळी तो घरी येत नाही. दुसऱ्या दिवशीही येत नाही. त्या एका सकाळी रंगूनमध्ये हजाराहून जास्त माणसं मेली, आणि दोनच दिवसांनी, नाताळच्या दिवशी, जपानी विमानं पुन्हा आली.

ही मुलगी मी कुणा एका घरातून उचललेली नाही. त्या काळाच्या नोंदींत आणि बर्मा सोडून आलेल्या तमिळ कुटुंबांच्या आठवणींत जे पुन्हा पुन्हा येतं, त्यातून ती उभी राहिली आहे. तुम्हाला तिच्या जागी उभं करायचं, कारण आपण मराठी माणसं ब्रह्मदेश ओळखतो तो दोन कैद्यांमुळे. १९०८ ते १९१४ टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि तिथं त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. आणि इकडे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत इंग्रजांच्या नजरकैदेत होता. आमचा माणूस तिकडे आणि त्यांचा राजा इकडे. या दोघांच्या दरम्यान बंगालच्या उपसागरावरून लाखो साधी माणसं गेली आणि आली. त्यांच्यासाठी आपल्याकडे राजवाडाही नाही आणि ग्रंथही नाही.

तुमचे अप्पा भाताच्या गिरणीत मापाडी आहेत. रामनाथपुरमकडच्या कोरडवाहू गावातून मेस्त्रीची, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाची, उचल घेऊन ते आले. उचल फिटायला काही वर्षं गेली, मग त्यांनी गावाहून अम्माला आणलं. तुमचा जन्म इथलाच. तेव्हा रंगूनमध्ये निम्म्याहून जास्त वस्ती भारतीयांची. गोदीवर, रिक्षा ओढायला, संडास साफ करायला, टपाल कचेरीत, डॉक्टरच्या खुर्चीवर, सगळीकडे समुद्रापलीकडून आलेली माणसं. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. त्यामुळे अप्पांना आपण परदेशात आलो असं कधी वाटलंच नाही. मद्रासला बोट धरायची आणि काही दिवसांनी रंगूनला उतरायचं, एवढंच.

आता चाला. हे तुम्हाला चालावंच लागेल.

जहाजाची आणि विमानाची जागा गोऱ्यांना मिळते, किंवा ज्याच्या गाठीला भरपूर पैसा आहे त्याला. तुम्ही अप्पा, अम्मा आणि कडेवरचा तीन वर्षांचा धाकटा असे जानेवारीत प्रोमच्या रस्त्याला लागता. प्रोम इरावतीच्या काठी आहे. तिथं नदी ओलांडायची, मग आराकान योमाचे डोंगर आणि जंगल तुडवत पलीकडे समुद्रकाठच्या टाँगअपला उतरायचं. पण प्रोमला सरकारनं वाट अडवलेली असते. भारतीय कामगार निघून गेले तर गोदी कोण चालवणार, शहर कोण झाडणार, याची सरकारला काळजी. म्हणून धडधाकट पुरुषांना नदीपलीकडे सोडत नाहीत. नदीकाठी माणसांचा लोंढा तुंबतो. एकाच पाण्यात धुणं, अंघोळ, पिणं. मग पटकी सुरू होते.

मला या प्रवासात सगळ्यात जास्त हीच अडवणूक बोचते. बाँब शत्रूनं टाकले होते. पण नदीकाठी माणसं खोळंबून मेली ती आपल्याच सरकारच्या हुकमानं, आणि त्यांची गरज होती म्हणून. ती नकोशी होती म्हणून नव्हे.

अखेर वाट सुटते. डोंगरातली पायवाट तुम्ही दिवसा चालता, रात्री बांबूच्या बेटाखाली झोपता. पाणी कुठं आहे ते गर्दीवरून कळतं आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला चिखल येतो. काही ठिकाणी पाणी विकत मिळतं. अम्मा एक एक भांडं वाटेत सोडून देते. आधी पितळी घागर, मग तवा, मग शेवटी इडलीचं पात्र. तिसऱ्या की चौथ्या दिवशी धाकट्याला जुलाब लागतात. रात्रभर अम्मा त्याच्या ओठांना ओला पदर लावते. सकाळी अप्पा एका झाडाशी हातांनी आणि काटकीनं माती उकरतात. तुम्हाला तिकडे बघू नको म्हणून सांगितलेलं असतं आणि तुम्ही बघता. मागचे लोक थांबत नाहीत, थांबणं त्यांना परवडणारं नाही. अर्ध्या तासात तुम्हीही चालू लागता. अम्माची कड रिकामी असते, तरी कितीतरी वेळ ती कमरेतून तशीच एका बाजूला कललेली चालत राहते.

टाँगअपहून होडीनं आक्याब. आक्याबच्या धक्क्यावर दोन रात्री. तिथं एक अनोळखी आराकानी कुटुंब तुम्हाला शिजवलेला भात आणि सुकट देतं. अम्मा नुसता भात घेते. तुम्ही दोन्ही घेता. पुढं चितगाव, मग रेल्वे, कलकत्ता, हावड्याहून मद्रास मेल.

त्या वर्षी चार ते पाच लाख भारतीय ब्रह्मदेशातून बाहेर पडले. कुणी तुमच्या वाटेनं, कुणी तामूवरून मणिपूरला, कुणी सगळ्यात भयंकर अशा हुकाँग खोऱ्यातून आसामात. वाटेत किती मेले याचे अंदाज दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जातात. ज्या मृत्यूंचा आकडा पाचपटीनं इकडेतिकडे होऊ शकतो, ते मृत्यू कुणी मोजलेच नव्हते.

एप्रिल १९४२ च्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही मद्रास सेंट्रलला उतरता. जीव वाचवून जिथं आलात, ते शहर स्वतःच पळत असतं. ५ एप्रिलला कोलंबोवर, ६ एप्रिलला विशाखापट्टणमवर जपान्यांनी हल्ला केला. आता मद्रासची पाळी, असं सगळे धरून चालले आहेत. ज्यांचं इथं काम नाही त्यांनी शहर सोडावं, असं सरकारनंच सांगितलंय. फलाटावर ट्रंका, वळकट्या, पितळी कूजे, रडणारी पोरं. तुम्ही उतरता त्याच डब्यात शिरायला माणसं धडपडतात. स्टेशनशेजारच्या पीपल्स पार्कात प्राणिसंग्रहालय आहे. बाँब पडून पिंजरे फुटले तर वाघ-सिंह शहरात सुटतील, या भीतीनं त्याच महिन्यात तिथल्या हिंस्र जनावरांना गोळ्या घालतात.

अप्पा फलाटावरच ठरवतात, गावी जायचं.

गावची चार वर्षं मी भरभर ओलांडतो. काकांच्या घराची ओसरी, मोजून वाढलेली कांजी, तुमच्या तमिळमधल्या बर्मी शब्दांवर हसणाऱ्या चुलत बहिणी. लढाई संपल्यावर अप्पा पुन्हा रंगूनला जातात आणि नंतर तुम्हाला बोलावून घेतात. का गेले, असं आज वाटेल. त्यांना ओळखणारी गिरणी तिथं होती, पगार तिथं होता, आणि गावात त्यांच्या नावावर जमीन नव्हती.

आता १९६४. तुम्ही चौतीस वर्षांच्या आहात, तीन मुलांच्या आई. नवऱ्याचं रंगूनमध्ये छोटं किराणा दुकान आहे. डाळी, चिंच, सुकी मिरची, नारळाचं तेल, आणि बर्मी गिऱ्हाइकासाठी ङपी, म्हणजे आंबवलेल्या मासळीची चटणी. तुम्ही घरात तमिळ बोलता आणि बाजारात बर्मी. लुंगी नेसून बाजारात जाता, साडी नेसून मुनीश्वरनच्या देवळात. तुमचं भारतीयपण एका कागदात आहे, परदेशी नागरिक म्हणून झालेल्या नोंदणीचा कागद. पैसे भरून तो दरवर्षी नवा करून घ्यायचा. जन्म इथला असूनही.

२ मार्च १९६२ ला जनरल ने विननं सत्ता घेतली. बँका गेल्या, मोठ्या पेढ्या गेल्या. १९ मार्च १९६४ ला रंगूनच्या दुकानांची पाळी येते. लष्कराची माणसं तुमच्या दुकानात येतात, मालाची यादी करतात, गल्ल्याची किल्ली मागून घेतात आणि बाहेर नंबराची पाटी लावतात. आजपासून हे जनतेचं दुकान. यादी करणारा सैनिक विशीतला आहे. उडदाची डाळ कुठली आणि मुगाची कुठली, ते तुमचा नवरा त्याला दाखवतो. एक एक पोतं स्वतः उघडून, नीट नोंद व्हावी म्हणून. त्या यादीचे पैसे पुढं मिळतील असं त्याला मनापासून वाटतं. तशा बहुतेक माणसांच्या हाती ते कधीच आले नाहीत.

दोन महिन्यांनी, १७ मे ला, पन्नास आणि शंभर क्यातच्या नोटा रद्द होतात. दुकान गेलं तेव्हा पेटीत जे काही ठेवलं होतं, त्याचा एका रात्रीत कागद होतो.

इथं थोडं थांबतो, कारण सोपी गोष्ट सांगून पुढं जाता येणार नाही. बर्मी माणसाच्या रागाला कारण होतं. इरावतीच्या मुखाकडचं दलदलीचं रान भातशेतीखाली आलं ते नाट्टुकोट्टै चेट्टियार या तमिळ सावकारांच्या कर्जावर. १९३० मध्ये भाताचे भाव कोसळले, कर्जं थकली आणि गहाण जमिनी सावकाराकडे गेल्या. दक्षिणेच्या मुख्य भातजिल्ह्यांत १९३० साली चेट्टियारांकडे शेतजमिनीचा सहा टक्के हिस्सा होता, १९३७ पर्यंत तो पंचवीस टक्के झाला. ज्या शेतकऱ्याच्या आजोबानं जंगल तोडून खाचर केलं, तो त्याच खाचरात कूळ झाला. आपल्याकडे १८७५ मध्ये सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, ते शाळेत शिकलेल्या माणसाला हा राग समजावून सांगावा लागू नये. पण चेट्टियारांच्या पेढ्यांतल्या पुष्कळांनी बराच पैसा आधीच आपल्या मुलखात, चेट्टिनाडला, आणला होता. १९४८ च्या स्वातंत्र्यानंतर ब्रह्मदेशानं जमिनींचं राष्ट्रीयीकरण केलं, तेव्हाच त्यांचा हिशेब बहुतांशी संपला. १९६४ मध्ये बंदरावर पेट्या उघडून दाखवत जे उभे होते ते मापाडी, हमाल, दूधवाले, न्हावी, किराणा दुकानदार. एक एकरही ज्यांच्या नावावर कधी नव्हता, त्यांच्याकडून ते कर्ज वसूल झालं. ज्या सरकारनं ते केलं ते स्वतःला समाजवादी म्हणवत होतं, हे मला विसरता येत नाही.

बंदरावर जकातवाले पेटीचा तळ हातानं चाचपतात. रोकड मोजकीच नेता येते, सोन्यावर मर्यादा. गळ्यातली ताली, म्हणजे मंगळसूत्रसुद्धा काढून घेतलं, असं त्या बोटींनी आलेल्या कित्येक घरांत आजही सांगतात. तुम्ही आदल्या रात्रीच ती काढून हळकुंड बांधलेला दोरा गळ्यात घातलाय. शेजारची बर्मी बाई धक्क्यापर्यंत आली आहे. तिच्या वडिलांची जमीन चेट्टियारकडे गेली होती, तुमच्या नवऱ्याचं दुकान तिच्या सरकारकडे गेलं. इतक्या वर्षांच्या शेजारात हे दोन्ही विषय तुम्ही एकमेकींत कधी काढले नाहीत. तिनं केळीच्या पानात भात आणि तळलेली मासळी बांधून आणलीय.

बोट नदीतून निघते. पाणी चहासारखं गढूळ आहे. श्वेडगॉन पगोड्याचा सोनेरी कळस बराच वेळ दिसतो, नदीच्या वळणावर डावीकडून उजवीकडे जातो. मुलं मोजतात, किती वेळा दिसला ते. तुम्ही डेकवर सतरंजी टाकून जागा धरायला जाता, कारण ती गेली तर पुढचे दिवस उन्हात काढावे लागतील.

मद्रास बंदर. याच किनाऱ्यावर १८८५ च्या अखेरीस थिबालाही उतरवलं होतं. त्याला काही महिने मद्रासमध्ये ठेवून मग रत्नागिरीला नेलं, आणि त्याची एक मुलगी या शहरात जन्मली. राजासाठी निदान बंगल्याची सोय केली होती. तुमच्यासाठी टेबलं मांडली आहेत. नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, माणसं किती. ‘मूळ गाव’ विचारल्यावर नवरा आजोबांच्या गावाचं नाव सांगतो, जिथं त्याला कुणी ओळखत नाही. मग लसीची सुई, जेवणाची रांग, छावणीची चिठ्ठी. १९६३ पासून पुढच्या काही वर्षांत एकट्या तमिळनाडूत अशी एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं आली.

आणि जेवणाच्या रांगेत तुमच्या ताटात भात थोडा पडतो. लढाईआधी जगात सगळ्यात जास्त तांदूळ विकणाऱ्या देशातून तुम्ही आलात, आणि ज्या शहरात आलात तिथं त्या वर्षी तांदूळ मिळत नाही. पहाटेपासून रेशनच्या रांगा लागतात. हा तांदूळ पुढं सरकार उलथवतो. १९६७ ची निवडणूक द्रमुकनं जिंकली, त्यात रुपयाला तीन पडी, म्हणजे तीन मापं, तांदूळ देण्याच्या वचनाचा मोठा वाटा होता. रंगूनच्या गिरणीत पोत्यांच्या थप्प्या मोजत वाढलेल्या तुम्ही शिधापत्रिका घेऊन उभ्या राहता, तेव्हा रांगेतली बाई मागं वळून म्हणते, बर्मावाले आले आणि आमचा तांदूळ संपला.

तुमचा दीर हे सहन करू शकत नाही. तो आणि त्याच्यासारखे बरेच जण परत निघतात. रेल्वेनं आसाम, पुढं मणिपूर, मग चालत सरहद्द ओलांडायची आणि रंगून गाठायचं. १९४२ मध्ये जी वाट भारतात यायची होती, त्याच वाटेनं उलटं. बर्मी शिपाई त्यांना अडवतात. मागं जायची इच्छा नाही, पुढं जाता येत नाही, म्हणून ते सरहद्दीवरच्या मोरे गावात राहतात. तिथं तमिळ वस्ती उभी राहते, तमिळ संगम होतो, अंगाळ परमेश्वरी आणि मुनीश्वरनचं देऊळ होतं. दिराची चिठ्ठी वर्षाकाठी एकदा येते. २०२३ च्या मे महिन्यात मणिपूर पेटलं, तेव्हा ती आग मोरेलाही लागली.

तुम्ही राहता. उत्तर मद्रासमधल्या व्यासरपाडीत, सखल, पावसात गुडघाभर पाणी साठणाऱ्या जागी तट्ट्याची खोली. नवरा बंदरासमोरच्या नॉर्थ बीच रोडवर फुटपाथवर स्टूल मांडतो. आधी बोटीतून आणलेल्या चीजवस्तू, मग बोटीवरच्या खलाशांकडून घेतलेल्या. साबण, अत्तराची बाटली, नायलॉनची साडी, घड्याळ. अशांची रांग वाढत जाते आणि १९६९ मध्ये तिला बर्मा बाजार म्हणून जागा मिळते, पॅरीज कॉर्नरपासून बीच स्टेशनच्या दिशेनं. कस्टम हाऊस त्याच रस्त्यावर. त्याच वर्षी ब्रह्मदेश आणि श्रीलंकेतून परतलेल्यांसाठी केंद्र सरकार मद्रासमध्ये एक सहकारी बँक काढतं, ती रेप्को बँक आजही चालू आहे. मुंबईत जे मिळत नाही ते बर्मा बाजारात मिळतं, असं ऐकून दूरदूरची माणसं येतात. ट्रान्झिस्टर, मग कॅसेट, मग सीडी, मग मोबाइल. धाड पडली की माल गुंडाळून पळायचं. नवरा पळताना कधी थट्टा करत नाही. एकदा सगळं नोंदवून दिलं, दुसऱ्यांदा देणार नाही, एवढंच म्हणतो.

बाजारामागच्या सेकंड लाइन बीचवर संध्याकाळी तुम्ही गाडी लावता. अथो. उकडलेले नूडल्स, बारीक चिरलेला कच्चा कोबी, कांदा, तळून कुरकुरीत केलेला लसूण, चिंचेचं पाणी, कुटलेली मिरची, आणि हे सगळं हातानं कालवायचं. सोबत केळीच्या खुंटाचं मिरपूड घातलेलं वाफाळतं सार. पहिले गिऱ्हाईक बर्मावालेच. मग गोदीचे कामगार, मग बँकेतले कारकून, मग कॉलेजची पोरं. ज्या बाईनं रांगेत टोमणा मारला होता तिचा मुलगाही येत असेल. तुम्ही चेहरे लक्षात ठेवत नाही, कोण तिखट जास्त मागतो ते ठेवता.

१९८३ च्या जुलैमधल्या तमिळविरोधी दंगलींनंतर श्रीलंकेतून तमिळ येऊ लागतात. तुमच्या गाडीवर एक मुलगा येतो, जाफन्याकडचा. पैसे देताना हात खिशात बराच वेळ फिरतो. तुम्ही त्याला दुसऱ्यांदा सार वाढता आणि पैसे पुढच्या खेपेला दे म्हणता. त्याला काही विचारत नाही. नोंदवहीवाल्यांनी त्याला सगळं विचारलं असणार.

आता तुम्ही ब्याऐंशी वर्षांच्या आहात. शहराचं नाव चेन्नई झालंय, गाडी सून चालवते, नवरा गेला. तुम्ही खुर्चीत बसून लसूण सोलता. नात मोबाइलवर वाचून दाखवते, केळंबाक्कमला चक्रीवादळाच्या निवारा-इमारतीत काही रोहिंग्या कुटुंबं राहतायत. बर्माहून पळून आलेली. आपल्यासारखीच का पाट्टी, असं ती विचारते.

कुठले, तुम्ही विचारता.

ती खाली-वर करून शोधते. आराकान, म्हणते. आता नाव बदललंय. सिट्वे म्हणून गाव आहे, पूर्वी त्याला आक्याब म्हणायचे.

तुमच्या हातातला लसूण खाली ठेवला जातो. धक्का, दोन रात्री, भात आणि सुकट. यातलं काही तुम्ही नातीला कधी सांगितलेलं नाही, कारण ते सांगायचं तर त्याआधीचं झाड सांगावं लागलं असतं. आता सांगता. प्रोमपासून, क्रमानं, धाकट्याच्या नावासकट. नात मध्येच लिहायला वही आणते. तुमचं संपल्यावर तुम्ही तिला विचारता, पॅरीजवरून केळंबाक्कमला कितव्या नंबरची बस जाते, आणि तिथं चुलीची सोय असेल का, की आपणच शिजवून न्यायचं.